मोकळा सोडलेला पावणा

कोल्हापूर,
२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आणि अजूनही रुसलेले हंबीरमामा,

नमस्कार. माझ्या लग्नात मांडवातून उठताना तुम्ही जी शपथ घेतलीत ती मला पाठ आहे. "ह्या घरातल्या माणसांशी पुन्हा तोंडानं बोलणार न्हाय." तोंडानं. वाचणार नाही असं काही तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे पत्र. फोन तुम्ही उचलत नाही. आईने नऊ वर्षं लावून लावून तुमचा नंबर झिजवला आणि तिनं समजूत काढायला पाठवलेली माणसं तुम्ही चहा न देता परत लावलीत.

कामाचं लिहिते. आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ माझ्याकडे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. "बाईमाणूस पोरांना काय शिकिवणार" असं तुम्ही चंदगडच्या स्टँडवर म्हणालात, हेही माझ्यापर्यंत पोचलंय. आमचे नवे प्राचार्य कॉमर्सचे. त्यांना मैदान दिसत नाही, मोकळी जागा दिसते. गेल्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात सात गोल खाल्ले, तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, सात हे जास्त असतात का?" यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत फायनल गाठली तर संघ राहील. नाहीतर मार्चपासून मैदानावर पट्टे मारून तिथं मोटारी लागणार.

आणि माझ्याकडे पोरं कसली, तर दोनच बरी. मधला ऋतुराज, डोकं शाबूत असलेला. कडेचा उमर, वाऱ्यासारखा पळणारा. बाकीचे हजेरी भरायला आलेत आणि त्यांच्याकडून तेवढंच होतं.

म्हणून मी एक युक्ती काढलीय. मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल बघितला. आपला नव्हे, त्यांचा, हातात घेऊन पळायचा. त्यात एक डाव असतो. समोरच्या सगळ्यांना अडवायचं, पण एकाला मुद्दाम मोकळा सोडायचा. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने फक्त त्या मोकळ्याकडे बघत पळायचं. तो आपल्या अंगावर आला की शेजारच्याला द्यायचा, तो शेजारच्याकडे वळला की स्वतः घुसायचं. ठरवायचं त्याने, आपण फक्त उलटं करायचं. जो आपल्याला अडवता येण्यासारखा नाहीच, त्याला अडवायची मेहनतच करायची नाही. हे आपल्या पायाच्या खेळात बसवतेय. पोरांनी त्या मोकळ्या माणसाला नाव ठेवलंय, पावणा.

पुढे सेमीला बहुतेक टेकडीवरचं इंजिनिअरिंग कॉलेज येणार. त्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, यशराज तालमीच्या फुटबॉल संघातून खेळतो. त्याच्या बाजूनं आजवर कुणी गेलेलं नाही, जसं तुम्ही खेळत होता तेव्हा तुमच्या बाजूनं कुणी जात नव्हतं. तेव्हा एकच विचारायचं होतं. तुम्हाला कुणी असं मोकळं सोडलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?

आई म्हणाली, संक्रांतीला या म्हणून लिही. मी लिहिलेलं नाही.

तुमची,
तेजस्वी


चंदगड,
७ डिसेंबर २०२४

चि. तेजस्वी हिला आशीर्वाद (सवयीने, प्रेमाने नव्हे),

तुझं पत्र वाचलं. शपथ मोडलेली नाही, तुझी वकिली मान्य.

तू म्हणतेस तो अमेरिकेचा खेळ शेजारच्या आकारामच्या पोराने मला त्याच्या मोबाइलवर दाखवला. डोक्यावर हंडा पालथा घातलेली माणसं एकमेकांवर आपटतात, दोन पावलं जातात, की थांबून मीटिंग घेतात. पायाला चेंडू लागलाच तर तो चुकून. आणि ह्याला ते फुटबॉल म्हणतात. त्यांच्याकडून तू शिकणार, आणि शाहू महाराजांच्या गावच्या पोरांना शिकवणार! उद्या कुस्ती शिकायला कुणीतरी लंडनला जाईल.

आता तुझ्या प्रश्नाचं. मला कुणी मोकळं सोडलंच नाही. दोन-दोन माणसं माझ्या अंगावर असायची, शर्ट ओढायची, पायावर पाय द्यायची. त्याला मान म्हणतात. माणूस ताकदीचा आहे हे त्यावरून लोकांना कळतं. एकदाच मिरजेचा एक संघ आला होता, अगदी भित्रा. सगळा खेळ डाव्या कडेने, माझ्याकडे चेंडूच नाही. मी मधोमध उभा, देवळासमोरच्या दीपमाळेसारखा. लोक हसायला लागले. "हंबीरराव, खुर्ची आणू का?" शेवटी मी वैतागून डावीकडे धावलो, आणि त्या लबाडांनी माझ्या मागच्या रिकाम्या जागेतून गोल मारला. ह्याला मी खेळ म्हणत नाही. ही माणसाला न विचारण्याची बेअदबी आहे.

आणि बेअदबी म्हटल्यावर तुझ्या आईचं आठवलंच. सख्ख्या मामाचा फेटा राहू दिला आणि आधी त्या साखर कारखान्याच्या संचालकाला बांधला. त्याचं डोकं केवढं आणि फेटा केवढा. मग म्हणे फेटे कमी पडले. मी पाणीसुद्धा न पिता निघालो, आणि आक्काला ते वाढणं आवरल्यावर कळलं.

संक्रांतीला या असं तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस. लिहिलं असतंस तर मी आलो नसतो.

हंबीरराव


कोल्हापूर,
१३ डिसेंबर २०२४

मामा,

नमस्कार. तुमच्या पत्रातली मिरजेची गोष्ट मी पोरांना वाचून दाखवली. उमर म्हणाला, "मॅडम, मामा लई भारी बोल्लं, पण गोल खाल्लेला हाय की त्येंनी." मी त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या, तुमच्या मानाखातर.

पहिले दोन सामने जिंकले. समोरचे इतके बावळट होते की मोकळा सोडलेला माणूस आनंदाने ऋतुराजच्या अंगावर धावत यायचा, ऋतुराज शेजारी उमरला द्यायचा, आणि उमर गोलात. एका बॅकने तर चारदा तेच केलं आणि चौथ्यांदा पंचांकडे तक्रार केली. प्राचार्यांनी हार्दिक अभिनंदनाचा मेसेज पाठवला, त्यात फुटबॉलऐवजी व्हॉलीबॉल लिहिलं होतं.

तिसरा सामना जयसिंगपूरच्या पोरांशी झाला आणि आमची हवा गेली. ती पोरं ताकदीची, वर शहाणी. त्यांचा बॅक मोकळा सोडला, तर तो ऋतुराजवरही येईना आणि उमरकडेही जाईना. दोघांच्या मध्ये उभा राहिला, हळूहळू मागे सरकत. ऋतुराज त्याच्याकडे बघत राहिला. हूल दिली, खांदा पाडला, थांबला, पुन्हा हूल दिली. तोवर मागून बाकीचे आले आणि चेंडू घेऊन गेले. दोन गोल खाल्ले. गटात दुसरे आलो म्हणून सेमी मिळाली एवढंच.

आता सेमीला यशराज आहे, आणि तो तर ह्याहून दसपट. तालमीतली पोरं सांगतात की तो घाई करतच नाही. समोरच्याने चूक करायची वाट बघत कितीही वेळ उभा राहतो. न येणाऱ्या, न जाणाऱ्या माणसाचं काय करायचं हे अमेरिकेच्या व्हिडिओत बरंच काही सांगितलंय, पण ते सांगणारा माणूस इतक्या भरभर बोलतो की त्याला तरी ते कळलंय का अशी मला शंका आहे.

तुम्हाला काही सुचत असेल तर लिहू नका. तुम्हाला ही बेअदबी वाटते, तेव्हा मी आग्रह करत नाही.

तेजस्वी


चंदगड,
१८ डिसेंबर २०२४

तेजस्वी,

आशीर्वाद. लिहू नका म्हणणारी तू कोण? मला वाटेल ते मी लिहीन.

तुझा तो ऋतुराज गाढव आहे, आणि तू त्याची मास्तरीण. न येणारा, न जाणारा माणूस म्हणजे काय असतं, एवढंसुद्धा तुम्हाला कळत नाही? तो दारात उभा राहिलेला पावणा आहे. आत येत नाही, परत जात नाही. आणि तुमचा ऋतुराज काय करतो? "या की, बसा की, असं काय करताय" म्हणत त्याच्यापुढे नाचतो. हूल म्हणजे दुसरं काय? मनधरणीच ती. तुम्ही जितकी मनधरणी कराल तितका तो दारात जास्त वेळ उभा राहील, कारण त्याचा मान वाढतोय आणि वेळ तुमचा जातोय.

त्याच्याकडे बघणं बंद करायचं. आत पंगत बसवायची. ऋतुराजला चेंडू मिळाला की लगेच उमरला, उमरने कडेकडेने पुढे, तिथून परत मागे. त्या स्टॉपरजवळ जायचंच नाही. तो मैदानात नाहीच असं समजून खेळायचं. गोल झाला नाही तरी हरकत नाही. पुन्हा तेच, पुन्हा तेच. लोक बघत असतात. हा एवढा मोठा गडी उभा आहे आणि ह्याला कुणी विचारत नाही, हे लोकांना दिसतं, आणि लोकांना दिसतंय हे त्याला दिसतं. ताकदीच्या माणसाला हरणं सोसतं गं, नुसतं उभं राहणं सोसत नाही. एकदा त्याचं डोकं फिरलं की तो आपणहून धावत येईल. मग त्याने सोडलेल्या जागेत ऋतुराजला घाल.

पोरांना एवढं सांग, की दारातल्या पावण्याला मनातून आत यायचंच असतं. नाहीतर तो दारापर्यंत आला कशाला असता? त्याला फक्त कुणी ओढून आत नेलं असं दिसायला नको असतं.

हे मला कसं माहीत म्हणून विचारू नकोस. मी बॅक खेळलोय.

तुमच्या प्राचार्यांना माझ्या वतीने काही सांगू नकोस. त्या माणसावर शाई घालवायची माझी इच्छा नाही.

हंबीरराव

ता. क. आक्काचा गुडघा कसा आहे, हे मी विचारलेलं नाही.


कोल्हापूर,
३० डिसेंबर २०२४

मामा,

नमस्कार. तुमची युक्ती पोरांना पटली. आठवडाभर तीच घोटवतोय. आमच्या सरावात मीच स्टॉपर म्हणून उभी राहते. पोरं मला विचारेनात, तेव्हा दहा मिनिटांत माझंच डोकं फिरलं आणि मी शिट्टी टाकून चेंडूमागे धावले. तुम्ही खरं लिहिलंत.

एक अडचण होती, तीही सोडवली. खेळताना आमच्या सगळ्या पोरांना एकाच वेळी कळायला हवं की आता यशराजला मोकळा सोडायचाय, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचंय. त्यासाठी खूण ठरवलीय. ऋतुराज जोरात ओरडणार, "पावणं!" की सगळे बाजूला. समोरच्यांना कळणार नाही आणि आपल्यांना ऐकू जाईल. एकाच शब्दात काम. सुचलं मला, त्यामुळे शाबासकीची अपेक्षा नाही.

सेमी रविवारी ५ जानेवारीला दुपारी, स्टेडियमवर. ही हरलो की संघ गेला. प्राचार्यांनी मैदान मोजायला माणूस आणून ठेवलाय. तो टेप घेऊन परवा आमच्या सरावातूनच चालत गेला. आदर्श नावाच्या आमच्या पोराने त्याला चुकून चेंडू मारला. चुकून मारला असं मी लेखी दिलंय.

आईचा गुडघा कसा आहे, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मी सांगत नाही. दर संक्रांतीला ती तुम्हाला तिळगूळ पाठवते आणि तुम्ही डबा न उघडता परत करता. यंदा तिनं पाठवायचं नाही असं आमचं ठरलंय.

तेजस्वी


चंदगड,
४ जानेवारी २०२५

तेजस्वी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. माझं हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. म्हणजे सामना झालेला असेल. म्हणजे मी हे कशाला लिहितोय ते मलाच कळत नाही.

अगं मूर्खे, "पावणं"? कोल्हापुरात? स्टेडियमवर? हजारो माणसं जिथं जमतात, तिथं प्रत्येकाच्या तोंडात तोच शब्द! शेंगदाणेवाला पावणं, पुढं उभा राहिलेला पावणं, पंच तर बाहेरगावचा असला की जन्माचा पावणं! "ओ पावणं, खाली बसा की." "पावणं, चष्मा लावा की." तुझी पोरं काय करणार? प्रत्येक हाकेला बाजूला होणार? अमेरिकेचा डाव आणलास, त्याला नाव गावाकडचं ठेवलंस, आणि आपलं गाव कसं बोलतं तेवढं विसरलीस. इतकी शिकलीस त्याचं हे फळ.

फोन करता येत नाही. आकाराम म्हणाला, "मी लावतो की फोन, तुम्ही बोलू नका." पण दुसऱ्याच्या तोंडून बोलणं म्हणजे बोलणंच. शपथ म्हणजे शपथ.

आणि तिळगूळ पाठवायचा नाही हे कुणी ठरवलं? तू? आक्काने ऐकलंच कसं? मग मी परत काय करायचं?

बाहेर कोल्हापूरची शेवटची गाडी हॉर्न वाजवतेय. तिचा माझा काही संबंध नाही. पत्र संपवतो.

हंबीरराव


चंदगड,
६ जानेवारी २०२५

तेजस्वी,

आशीर्वाद. तुम्ही जिंकलात असं पेपरात वाचलं. अभिनंदन करण्यासारखं त्यात फार काही नाही.

पहिल्या भागात तुम्ही जे खेळलात त्याला खेळ म्हणणं कठीण आहे. मी म्हटलं तेच झालं. पब्लिक त्या पंचाला पावणं म्हणतंय आणि तुझी पोरं बाजूला होतायत. त्यांचा कॉर्नर आला तेव्हा तर कुणीतरी आइस्क्रीमवाल्याला हाक मारली आणि तुमचे तिघे मिळून यशराजला वाट करून देऊन उभे राहिले. त्याने निवांत डोकं लावलं. वर तुझा ऋतुराज डाव्या बुटाची नाडी सोडून खेळत होता. कपाळाला हात लावावा की काय असं वाटलं, पेपर वाचताना.

दुसऱ्या भागात बरं झालं. पहिल्या गोलाला उमरने चेंडू एक क्षण उशिरा सोडला, पण तो वय वाढल्यावर सुधारेल. शेवटी यशराज शहाणा झाला, उमरकडे सरकला, तेव्हा ऋतुराज थांबला नाही, स्वतः घुसला. तेवढं बघून बरं वाटलं. वाचून, म्हणजे.

पेपरात असंही आलंय की स्टँडमध्ये कुणी म्हातारा ओरडत होता. असल्या बेशिस्त माणसांना आत सोडूच नये.

मी इकडे काजूच्या मोहोराकडे बघत बसलो होतो. रविवारी दिवसभर.

हंबीरराव


कोल्हापूर,
९ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार. तुमचा पेपर कुठला ते कळवा, मी लावून घेते. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात सामन्याच्या चार ओळी आल्यात आणि त्यात ऋतुराजची नाडी नाही.

आता मी तुम्हाला सामना सांगते, तुम्ही मोहोराकडे बघत होता म्हणून.

एक गोल खाऊन आम्ही दुसऱ्या भागात उतरलो. मी पोरांना खूण बदला म्हणून सांगितलं, पण घाबरलेल्या पोरांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. पंच सांगलीकडचे. वरून एकसारखं चाललं होतं, "पावणं, शिट्टी वाजवा की," "पावणं, झोपलाय व्हय?" माझी पोरं खुळ्यासारखी इकडून तिकडे. तेवढ्यात उत्तरेच्या स्टँडमध्ये एक टोपीवाला म्हातारा बाकावर चढला आणि असा काही गरजला की मैदानातला चेंडूसुद्धा थांबला असेल.

"एऽऽ! कुणी पावणं म्हणू नका रे!"

झालं. सगळा स्टँड हसला आणि एका सुरात ओरडला, "का वो पावणंऽऽ?"

आणि तेव्हा तो म्हातारा, लालबुंद होऊन, छातीवर हात मारून म्हणाला, "मी पावणा न्हवं! त्या कोचबाईचा मामा हाय मी! सख्खा!"

मामा, त्यानंतर त्या स्टँडमध्ये पावणं हा शब्द कुणी काढला नाही. सगळं स्टेडियम "मामा, मामा" करत सुटलं. मग ऋतुराजची हाक पोरांना नीट ऐकू यायला लागली. यशराजला आम्ही विचारायचंच सोडून दिलं. कडेकडेने, परत मागे, पुन्हा कडेकडेने. लोक त्याला म्हणायला लागले, "यशराज, खुर्ची आणू का?" तुमच्या मिरजेच्या सामन्यातलं वाक्य तसंच्या तसं कुणी उचललं, देव जाणे. शेवटी त्याचं डोकं फिरलं आणि तो ऋतुराजवर धावून आला. ऋतुराजने उमरला दिला, स्वतः रिकाम्या जागेत गेला, उमरने परत दिला, गोल. वरून एकच आरडाओरडा, "यशराजचा मामा केला रेऽ!" दुसरा गोल तुम्ही पेपरात वाचलाच आहे. आम्ही फायनलला गेलो. संघ राहिला. टेपवाला माणूस टेप गुंडाळून गेला. प्राचार्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमचे मामा कुठल्या फॅकल्टीत आहेत?"

आता जे तुम्ही पाहिलं नाहीत ते सांगते. आई दक्षिणेच्या स्टँडमध्ये होती. तुमचा आवाज ऐकताच ती गुडघा विसरून उठली आणि रडायला लागली. "हंबीर आलाय गं, हंबीर आलाय." ती तुमच्याकडे यायला निघाली. मी मैदानाच्या कडेवरून धावत गेले आणि तिला खाली बसवलं. म्हटलं, "आई, बघू नको तिकडं. बघितलंस की जातील." ती बसली. पदर तोंडात धरून बसली, पण तिनं बघितलं नाही. आणि मीही बघितलं नाही, मामा. मान वळवायची नाही म्हणून मान दुखेपर्यंत समोर बघत राहिले. पहिल्या पत्रापासून मी तेच करतेय. नऊ वर्षं आम्ही तुमच्यापुढे हुली देत होतो. मला त्याचा कंटाळा आला होता आणि तुमची आठवण येत होती.

संध्याकाळी घरी आलो, तर समोरच्या नजीराभाभी म्हणाल्या, "तेजू, कोण पावणं आलतं गं तुमच्याकडं? दाराला कुलूप बघून कुलपालाच कायबाय बोलत हुतं. पाणी देऊ का म्हटलं तर नको म्हणालं, मग तांब्याभर प्यालं आन् गेलं."

म्हणजे तुम्ही दारापर्यंत आला होता. चूक आमची, घरी कुणी नव्हतं.

मी तुम्हाला या म्हणत नाही. पुन्हा लिहिते, म्हणत नाही. आमंत्रण पावण्याला देतात, आणि तुम्ही पावणे नाही हे तुम्ही सगळ्या स्टेडियमला सांगितलंय. घरच्या माणसाला फक्त किल्ली कुठं असते ते सांगतात. आपल्या घराची किल्ली पायरीवरच्या तुळशीच्या कुंडीखाली असते.

फायनल संक्रांतीलाच आहे, चौदा तारखेला दुपारी. आम्ही दोघी स्टेडियमवर असू.

तुमची,
तेजस्वी


कोल्हापूर, स्वयंपाकघरातून,
१४ जानेवारी २०२५

आक्का आणि तेजस्वी,

किल्ली कुंडीखाली नव्हती. चपलांच्या कपाटात, तेजस्वीच्या जुन्या बुटात होती. तोवर मी चारी कुंड्या उचलून बघितल्या, एक फुटली. नजीराबाईंनी शेवटी सांगितलं. जिला स्वतःच्या घराची किल्ली कुठं आहे हे ठाऊक नाही, ती पोरांना जागा धरायला शिकवते.

फायनल बघायला मी आलेलो नाही. ती तुम्ही हरणार आहात. समोरचा संघ तुमच्याहून फार ताकदीचा आहे, आणि एकच युक्ती गाव दोनदा बघत नाही. तरी नाडी बांधून खेळा.

फळीवर तिळगुळाचा डबा होता, त्यावर माझं नाव लिहिलेलं होतं. परत करायला घरात कुणी नव्हतं, म्हणून खाल्ला. गूळ जास्त झालाय. आक्काचा हात अजून तसाच आहे.

चहा करायला घेतलाय. साखर सापडेना. तुम्ही आल्यावर विचारतो, तोंडानं.

हंबीर